इथं डोकं खाली घ्या

सहा कायाक, दोन-दोन जागांच्या. माणसं अकरा.
नारिंगी जाकिटांचे पट्टे मीच ओढून बघते,
अनोळखी पुरुषांच्याही छातीवरचे.
पहिल्या महिन्यात हात थरथरायचा,
आता बक्कल वाजलं की पुढच्याकडे सरकते.

वल्हं असं धरा. कोपरं सैल.
पाण्याला मारू नका, कालवा,
आंबिलीत पळी फिरवतात तसं.

प्रशिक्षणाला मालवणचे सर आले होते.
आठ दिवस त्यांनी आम्हाला स्ट्रोक शिकवला
आणि नवव्या दिवशी मायचा डोंगा चालवून बघायला मागितला.
दोनदा उलटले.
माय काठावर जाळं सांधत बसलेली,
मान वर न करता म्हणाली,
"पोरी, सरायले कोरडा टावेल दे."

डॉक्टर अंबुलकर ग्रीसला जाऊन आलेत.
तिथल्या कुठल्याशा बेटावर अशाच नावेतून
समुद्रातल्या गुहा पाहिल्या त्यांनी.
आज त्यांच्या पुढची जागा रिकामी आहे.
रिकाम्या जागेची नाव नाक वर करून चालते,
म्हणून मी तिथं वाळूची गोणी ठेवली.
"तिथं तळ दिसतो," ते मागून सांगतात,
"वीस फूट खालचा गोटासुद्धा."

इथं दिसत नाही.
मला तो पाठ आहे.
आत्ता आपण कवडू मोहनकरच्या खळ्यावरून चाललोय,
हा एकदम लागला तो गारवा विहिरीचा,
आणि जरा डावीकडे घ्या,
चिंचेचा शेंडा नावेचं पोट खाजवतो.
यातलं शेवटचं तेवढं मोठ्यानं म्हणते.

मग कपार.
आम्ही तिला बकऱ्यांची खोली म्हणायचो.
पावसात कळप घेऊन चढायला अर्धा तास लागे,
करवंदीनं पोटऱ्या सोलून निघत.
आता धरणाचं पाणी दारात येऊन उभं आहे.
दोन हात चढलं की तिचं तोंड बुजतं,
दोन हात उतरलं की नावा खडकाला घासतात.
मधले वीसेक दिवस माझे.
फलकावर लिहिलंय जलगुंफा, तिकीट साडेतीनशे.

इथं डोकं खाली घ्या.
आत वटवाघळं आहेत, ओरडू नका.
दर खेपेला एकजण ओरडतोच.
त्याचा आवाज भिंतीवरून परत यायच्या आत
ती येतात, सगळी.

नंतर टॉर्च बंद करायला लावते, मिनिटभर.
काळोखात डोकी मोजता येत नाहीत,
मी वल्ह्यांवरून गळणारं पाणी मोजते.
एक, दोन, तीन, चार, पाच.
पुन्हा मोजते. पाचच.
"डॉक्टर?"
बराच वेळ काही नाही.
मग अगदी माझ्या कोपरापाशी,
"आहे. गोणी ओली झाली हो तुमची."
"होऊ द्या."
"किती खोल असेल इथं?"
"कमरेइतकं. खाली लेंड्यांचा थर असंल अजून,
आमच्याच बकऱ्यांच्या."
कुणीतरी हसलं. डॉक्टर नव्हते ते.

परतल्यावर सगळे चहाकडे पळाले.
डॉक्टरांनी मोबाइल मायपुढं धरला.
निळी गुहा, पांढरा खडक, नारिंगी नाव,
पुढच्या जागेवर गवती टोपीतली पाठमोरी बाई.
मायनं हात पदराला पुसून तो नीट धरला,
लांब नेला, जवळ आणला.
"पानी त काचावानी हाय," म्हणाली.
"मंग मासोरी लपते कोठं?"

डॉक्टरांना सांगता येईना.
दोन बोटांनी ते फोटो मोठा करत गेले,
टोपीपर्यंत, मग टोपीच्या कडेच्या सावलीपर्यंत,
तिथं नुसते चौकोन उरले.
मायनं झिंगे निवडायला घेतले.
मी गोणी उलटी केली. वाळू
अख्खीच्या अख्खी, नावेच्या नाकाचा आकार घेऊन
बाहेर आली.